डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलावा का? खरेदीआधीची तपासणी, पायरी पायरीने

लग्नसराईच्या तोंडावर ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांचा फोन आला. "मशीन फार रडतंय रे. एक जुना आय सेव्हन मिळतोय, टाकून देऊ का?" मशीन कोणतं ते विचारलं. सातव्या पिढीचा आय५-७४००, एच११० बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर प्रोसेसर बसतो), आठ जीबी रॅमची एकच पट्टी आणि एक टीबीची हार्ड डिस्क. त्याच महिन्यात भाच्याचाही फोन: "मामा, प्रोसेसर बदलू की अख्खं मशीनच?" त्याच्याकडे रायझन ५ १६००, बी३५० बोर्ड, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड.

काकांना मी प्रोसेसर घेऊ दिला नाही, भाच्याला घ्यायला लावला. दोघांची मशिनं साधारण एकाच वयाची, मग सल्ला उलटा का? ते समजलं की तुमच्या मशिनचं काय करायचं हेही बरंचसं समजेल. म्हणून हे दोघे लेखभर आपल्यासोबत राहतील.

पहिली पायरी: "स्लो आहे" हे वाक्य मोडून लिहा

"कॉम्प्युटर स्लो झालाय" ही तक्रार म्हणजे डॉक्टरकडे जाऊन "बरं वाटत नाही" म्हणण्यासारखं आहे. कागद घ्या आणि मोबाईलचं स्टॉपवॉच लावा. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत किती सेकंद? नेहमीची मोठी फाईल उघडायला किती? पीडीएफ किंवा व्हिडिओ एक्सपोर्ट व्हायला किती? गेम असेल तर ठरावीक जागी सेकंदाला किती फ्रेम (चित्रं)? तीन-चार कामं पुरेत, पण रोजची हवीत. प्रत्येक काम दोनदा मोजा, कारण विंडोज नुकतंच सुरू झालेलं असताना पहिली वेळ नेहमी जास्त येते.

हा कागद टाकू नका. पैसे खर्च झाल्यावर फरक पडला की नाही ते यावरूनच कळेल. नाहीतर नव्या वस्तूच्या आनंदात सगळंच वेगवान वाटतं, निदान पहिला आठवडाभर.

काकांच्या कागदावर आलं: सुरू व्हायला साडेतीन मिनिटं, २० बाय १० फुटी फ्लेक्सची फाईल सेव्ह व्हायला चार मिनिटं, पीडीएफ व्हायला दहा. भाच्याच्या कागदावर एकच मुख्य तक्रार होती. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये फ्रेम नव्वदच्या आसपास अडकतात आणि गर्दी झाली की झटके बसतात.

दुसरी पायरी: टास्क मॅनेजर नीट वाचा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, 'परफॉर्मन्स' उघडा आणि ज्या कामाला वेळ लागतो तेच काम चालू करा. मशीन नुसतं बसलेलं असताना दिसणाऱ्या आकड्यांना अर्थ नाही.

बहुतेक जण फसतात ते इथेच. सीपीयूसमोर (म्हणजे प्रोसेसरसमोर) २५ टक्के दिसले की "प्रोसेसर तर रिकामाच आहे" असं वाटतं. पण चार थ्रेडच्या (एका वेळी कामाच्या चार रांगा चालवणाऱ्या) प्रोसेसरवर एकच थ्रेड जीव तोडून काम करत असेल तर एकूण वापर २५ टक्केच दिसणार. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर तोच आकडा आठ-साडेआठ टक्के होतो. अनेक जुनी सॉफ्टवेअर आणि बऱ्याच गेमचा मुख्य भाग एकाच थ्रेडवर चालतो. म्हणून आलेखावर राइट-क्लिक करून तो 'लॉजिकल प्रोसेसर'वर न्या, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसेल. तरीही एक चौकोन सतत शंभरावर दिसेलच असं नाही, कारण विंडोज काम एका कोअरवरून (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र कामकरी भागावरून) दुसऱ्यावर हलवत राहतं. एकूण आकडा २५ ला (किंवा तुमच्या थ्रेडच्या हिशोबाने जो येईल त्याला) खिळून बसलाय का, ही खरी खूण.

मग बाकीच्यांकडे बघा. डिस्क १०० टक्के आणि सीपीयू पंधरा-वीस टक्के असेल तर दोष प्रोसेसरचा नाही. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर गेली असेल तर रॅम कमी पडते आहे. मग विंडोज उरलेला माल डिस्कवर ठेवू लागतं आणि डिस्कही लाल होते. ही दोन दुखणी बहुधा जोडीनेच येतात.

काकांकडे अगदी हेच होतं. फ्लेक्सचा हिशोब करून बघा: २० बाय १० फूट, ७२ डीपीआय म्हणजे १७,२८० गुणिले ८,६४० पिक्सेल, सुमारे १५ कोटी. सीएमवायकेत (छपाईच्या चार रंगांत) एका पिक्सेलला चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेअर जवळपास ६०० एमबी. असे पाच-सहा लेअर, वर अनडूचा इतिहास, शेजारी कोरलड्रॉ आणि चार टॅब उघडा ब्राउझर. आठ जीबी त्यात कुठल्या कुठे विरघळतात. मग फोटोशॉप आपला पसारा हार्ड डिस्कवर मांडतं आणि हार्ड डिस्कची सुई फिरत बसते. अशा मशिनमध्ये आय सेव्हन टाकणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

प्रोसेसरच्या पानावर 'स्पीड'ही बघा. कामाच्या वेळी तो बेस स्पीडच्या खाली, समजा ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर सव्वावर, अडकला असेल तर दोन शक्यता. एक, पॉवर प्लॅन बचतीवर आहे. दोन, प्रोसेसर तापून स्वतःच हळू चालतोय. एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून तापमान पाहा. सतत ९०-९५ च्या पुढे असेल तर आधी कॅबिनेट उघडून धूळ काढा आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला लेप) बदला. पाच-सहा वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. विदर्भात मे महिन्यात खोलीच चाळिशीत असते, तिथे ही तपासणी उन्हाळ्यातच करा, डिसेंबरमध्ये सगळं ठीकच दिसेल. पेस्टची एक ट्यूब आणि एक ब्रश यावर भागत असेल तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

गेमसाठी याहून सोपी परीक्षा आहे. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा आणि ग्राफिक्सची सगळी सेटिंग खाली करा. फ्रेम भरपूर वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची. तेवढ्याच राहिल्या तर प्रोसेसरच कमी पडतोय, कारण चित्र लहान केल्याने कार्डाचं ओझं कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. भाच्याच्या मशिनवर ७२० वरही फ्रेम नव्वदच, आणि ग्राफिक्स कार्ड ५५-६० टक्क्यांवर बसून. गुन्हा सिद्ध.

आणखी एक गोष्ट: रॅमची एकच पट्टी असेल तर ती सिंगल चॅनलवर चालते, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीमधला रस्ता निम्मा. प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स वापरणाऱ्यांना दुसरी पट्टी लावल्यावर जो फरक दिसतो तो कित्येकदा प्रोसेसर बदलूनही दिसत नाही.

तिसरी पायरी: फरक किती पडेल, हे आधीच मांडा

१९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने मांडलेला एक साधा विचार इथे कामी येतो. कामाचा जो भाग वेगवान होतो तेवढाच वेळ वाचतो, बाकीचा जिथल्या तिथे. काकांच्या दहा मिनिटांच्या पीडीएफमध्ये प्रोसेसर खरं काम करत होता साधारण तीन मिनिटं; सात मिनिटं डिस्कची वाट बघण्यात. दुप्पट वेगाचा प्रोसेसर टाकला तर तीनची दीड होतील आणि एकूण साडेआठ मिनिटं. जगातला सर्वांत महागडा प्रोसेसर आणला तरी सातच्या खाली येणार नाही.

व्हिडिओ रेंडरिंग, ब्लेंडर, मोठ्या प्रोजेक्टचं कंपायलिंग यांत चित्र उलटं असतं. तिथे सगळे कोअर शंभर टक्के घासले जातात, म्हणून जास्त कोअरचा फायदा जवळपास पूर्ण मिळतो. टॅली, एक्सेल, ब्राउझर, श्रीलिपीतलं टायपिंग यांना मात्र सहाच्या जागी बारा कोअर देऊन काही मिळत नाही. त्यांना एका कोअरचा वेग आणि बऱ्यापैकी एसएसडी (सुई-चकती नसलेली वेगवान डिस्क) लागते.

माझं स्वतःचं माप असं: तुमच्या नेमक्या कामात वेग निदान दीडपट होणार असेल तर प्रोसेसर बदलावा. वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक बेंचमार्कमध्ये दिसतो, खुर्चीवर बसून जाणवत नाही. अपवाद ज्यांचं मशीन दिवसभर रेंडर करतं त्यांचा. त्यांना वीस टक्के म्हणजे रोजचे दीड-दोन तास.

चौथी पायरी: बोर्ड काय काय घेतो?

सीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर उघडा, 'मेनबोर्ड' टॅबमधून बोर्डाचं पूर्ण नाव टिपून घ्या, मागचं 'रेव्हिजन'सुद्धा. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची 'सीपीयू सपोर्ट' यादी काढा. दुकानदार, मित्र, व्हिडिओ यांच्या शब्दापेक्षा ही यादी मोठी. यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) कोणती आवृत्ती लागते तेही असतं, ते त्याच कागदावर लिहा.

इंटेलचं घर लहान. दुसरी-तिसरी पिढी एलजीए ११५५ या सॉकेटवर (बोर्डावरच्या प्रोसेसर बसण्याच्या जागेवर), चौथी ११५० वर, सहावी ते नववी ११५१ वर, दहावी-अकरावी १२०० वर, बारावी ते चौदावी १७०० वर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले कोअर अल्ट्रा २०० मालिकेतले डेस्कटॉप प्रोसेसर १८५१ वर. म्हणजे एका बोर्डावर दोन-तीन पिढ्या, संपलं. त्यात ११५१ चा सापळा वेगळाच. सॉकेटचं नाव एक, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर आठवी-नववी चालत नाही. आठवीला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप; एच११०, बी३५० ही अशीच नावं) लागतो. आकार तोच, प्रोसेसर बसतोही, मशीन सुरू होत नाही. तसंच एच४१० आणि बी४६० च्या बहुतेक बोर्डांवर अकरावी पिढी चालत नाही, जरी सॉकेट १२०० च असला तरी.

काकांच्या एच११० वर घेण्याजोगा वरचा पर्याय आय७-७७००. त्यांच्या आय५-७४०० मध्ये चार कोअर, चार थ्रेड, टर्बो (कमाल वेग) ३.५ गिगाहर्ट्झ. आय७-७७०० मध्येही कोअर चारच, थ्रेड आठ, टर्बो ४.२. म्हणजे एका थ्रेडच्या कामात वीस टक्के वाढ, सगळे थ्रेड वापरणाऱ्या कामात त्याहून बरी. पण हा आय सेव्हन त्या बोर्डांवर चालणाऱ्या वरच्या प्रोसेसरांपैकी असल्याने सगळे जुने बोर्डवाले त्याच्याच मागे लागतात आणि जुन्या बाजारात त्याचा भाव वाजवीपेक्षा चढा राहतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय३-१२१००, चार कोअर आणि आठ थ्रेडचाच, त्याला सहज मागे टाकतो. जुन्या सॉकेटचं टोक गाठण्याचा मोह होतो तेव्हा ही तुलना करून बघा: तेवढ्या पैशांत नव्या पिढीचा तळातला प्रोसेसर येतो का?

एएमडीच्या एएम४ ची गोष्ट वेगळी, आणि अपग्रेडच्या दृष्टीने मला हा सॉकेट सर्वांत आवडतो. २०१७ मध्ये पहिले रायझन त्यावर आले, नोव्हेंबर २०२० मध्ये ५००० मालिका आली तीही त्यावरच. आधी ही मालिका जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांना मिळणार नाही असं चित्र होतं, पण २०२२ मध्ये त्यांच्यासाठीही बायोस आले. त्यामुळे २०१७ च्या बी३५० वर भाच्याला रायझन ५ ५६०० लावता आला. सहा कोअर, बारा थ्रेड दोन्हीकडे सारखेच, विजेचं माप ६५ वॉटच, पण एका कोअरचा वेग साधारण दीडपट. गेमला हवं असतं नेमकं तेच.

एएम४ मध्ये नावांच्या जंगलात जरा जपून. ५५०० आणि ५६०० यांत शंभराचाच फरक वाटतो, पण ५५०० ची एल३ कॅश (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) १६ एमबी आणि ५६०० ची ३२. गेममध्ये हे अंतर दिसतं. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आत आहेत, पण कॅश १६ च. ५८००एक्स३डी ची कॅश ९६ एमबी, गेमसाठी एएम४ वर त्याची सर इतरांना नाही. आठ कोअर हवेत आणि वीज कमी खायला हवी तर ५७००एक्स, तोही ६५ वॉटचा.

आधीच एएम५ वर असाल तर घाई करू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटला २०२७ आणि पुढेही साथ देण्याचं एएमडीने सांगितलं आहे. म्हणजे आजचा प्रोसेसर चालतोय तोवर चालू द्या, पुढचा त्याच बोर्डावर बसेल.

ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप जुन्या बाजारात भरपूर मिळतात. त्यांचे बोर्ड, पॉवर सप्लायचे कनेक्टर आणि कूलरचे खिळे बऱ्याचदा त्या मॉडेलपुरतेच असतात. तिथे कंपनीने त्या मॉडेलसोबत जे प्रोसेसर विकले तेवढेच चालतील असं धरून चाला.

पाचवी पायरी: विंडोजचा प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, एएमडीकडे साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचे प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं. म्हणजे काकांनी आय७-७७०० घेतला असता तरी तो सातव्या पिढीचाच, आणि दाराबाहेरच राहिला असता. भाच्याचा १६०० सुद्धा यादीत नाही, पण ५६०० आहे. त्याचा हा प्रश्न प्रोसेसरबरोबरच सुटला.

यादीबाहेरच्या मशिनवर विंडोज ११ घालण्याच्या युक्त्या आहेत. घरच्या मशिनवर काय ते करा. ज्यावर गिऱ्हाइकांच्या फाईली आणि बँकेचे व्यवहार आहेत तिथे मी करणार नाही.

सहावी पायरी: पूर्ण बिल मांडा

प्रोसेसरचा भाव म्हणजे बिल नव्हे. कागदाचे तीन उभे भाग करा: एक, फक्त प्रोसेसर; दोन, प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा नवा संच; तीन, प्रोसेसर न बदलता एसएसडी किंवा रॅम. मग प्रत्येकाखाली सगळं लिहा.

कूलर: ५६०० च्या खोक्यात येतो, ५७००एक्स आणि ५८००एक्स३डी च्या खोक्यात येत नाही. ग्राफिक्स: इंटेलच्या नावामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाहीत, आणि एएम४ वर 'जी' नसलेल्या रायझनमध्येही नाहीत. रायझन ३ २२००जी काढून ५६०० लावला, कार्ड नाही, आणि स्क्रीन काळी. "बोर्ड उडाला" म्हणून मशीन दुरुस्तीला, हा प्रकार मी एकदा नाही, तीनदा पाहिलाय. बोर्डाची ताकद: स्वस्त ए३२० बोर्डावर, जिथे वीज पुरवणाऱ्या भागावर साधा हीटसिंकही नाही, सोळा कोअरचा प्रोसेसर यादीत असला तरी बसवू नका. पॉवर सप्लाय: जुना आणि नवा दोन्ही प्रोसेसर ६५ वॉटचेच असतील तर काही बघायला नको, त्याहून मोठी उडी असेल तर बघा. आणि जुना प्रोसेसर विकून येणारे पैसे वजा करा.

नव्या संचाचं गणित रॅममुळे बिघडतं. एएम५ आणि कोअर अल्ट्रा यांना डीडीआर५ च लागते, म्हणजे घरातली डीडीआर४ कामाची नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून डीडीआर४ सांभाळून नुसता प्रोसेसर बदलणाऱ्यांची बाजू आणखी भक्कम झाली. मधला मार्ग एलजीए १७०० चा: त्याचे डीडीआर४ घेणारे बोर्डही निघाले, तेव्हा जुन्या पट्ट्या वापरायच्या असतील तर तसा बोर्ड शोधावा.

बिल करताना माझा ठोकताळा हा की नुसता प्रोसेसर बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर तो पर्याय सोडावा. भाच्याचा खर्च एएम५ च्या संचाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आला. काकांचा आय सेव्हन, वर त्याला साजेसा कूलर, असं करत निम्म्याच्या पुढे जात होता, तोही विंडोज ११ शिवाय.

जुना प्रोसेसर घेताना

प्रोसेसर ही फार क्वचित बिघडणारी वस्तू आहे, त्यामुळे जुना घेण्यात मला भीती वाटत नाही. जुना बोर्ड घेताना मात्र दहादा विचार करतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या कॉम्प्युटर गल्लीत घेणार असाल तर दुकानातच बोर्डावर लावून दाखवायला सांगा आणि आठवड्याची बदली बिलावर लिहून घ्या. एएम४ च्या पिना प्रोसेसरवर असतात. तो डोळ्यासमोर आडवा धरून ओळी सरळ दिसतात का ते पाहा. इंटेलच्या पिना बोर्डात असतात, तिथे प्रोसेसरच्या तळाचे ठिपके स्वच्छ हवेत. वर 'कॉन्फिडेन्शियल' असं छापलेलं असेल तर तो चाचणीचा नमुना, कितीही स्वस्त असला तरी परत द्या.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे ते कायमचे अस्थिर होण्याचा दोष निघाला होता. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आले आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण आधीच इजा झालेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही. त्यामुळे या पिढ्यांतला जुना आय७ किंवा आय९ मी वॉरंटीच्या कागदाशिवाय घेणार नाही.

प्रत्यक्ष बदलताना

बायोस आधी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा बसवून मग बायोस करू म्हणाल तर बोर्ड त्याला ओळखणारच नाही. संकेतस्थळावरच्या सूचना वाचा. काही बोर्डांवर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते. काहींवर नव्या बायोसमधून जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलेला असतो. हे काम यूपीएसवरच करा. वीज जाण्याचा तुमच्याकडे ठरलेला वार असेल तर तो वार सोडून.

त्याआधी आणखी एक काम, जे बहुतेक व्हिडिओंत सांगत नाहीत. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू आहे का ते बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. एएमडीच्या मशिनवर टीपीएम प्रोसेसरच्या आतलंच असतं. नवा प्रोसेसर लावल्यावर पहिल्याच स्क्रीनवर जुन्या किल्ल्या पुसू का असं विचारलं जातं. हो म्हटलं आणि रिकव्हरी की जवळ नसली तर डिस्क समोर असून कुलूपबंद. विंडोजचा परवाना मात्र मुख्यतः बोर्डाशी बांधलेला असतो, नुसत्या प्रोसेसरच्या बदलाने तो सहसा जात नाही.

एएम४ चा कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा. सरळ वर ओढलात तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. नवा प्रोसेसर कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, तो स्वतःच्या वजनाने बसतो, दाबायचा नाही. कूलरचा तळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट ठेवा, स्क्रू कर्णाच्या दिशेने थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच.

पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन मिनिटभर काळी राहू शकते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. लगेच बटण बंद-चालू करत बसू नका. बायोस बदलल्यावर रॅमची एक्सएमपी (तिला पूर्ण वेगाने चालवणारी) सेटिंग पुसली जाते आणि ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालू राहते. ती परत चालू करा. नव्या प्रोसेसरचा फरक पडला नाही म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथे अडलेलं असतं.

आता पहिल्या पायरीचा कागद काढून तीच कामं पुन्हा मोजा. भाच्याच्या नव्वद फ्रेमच्या दीडशेच्या आसपास झाल्या आणि झटके गेले. आता ग्राफिक्स कार्ड ९७ टक्क्यांवर घासतंय, म्हणजे पुढचा फोन कार्डासाठी येणार हे मला ठाऊक आहे. जुना १६०० त्याने लगेच विकला नाही, पंधरा दिवस प्लास्टिकच्या डबीत ठेवला, कारण नवा रुसला तर बोर्ड तपासायला तोच लागतो.

काकांना एसएसडी आणि आठ जीबीची दुसरी पट्टी लावून दिली. मशीन पंचवीस सेकंदांत सुरू होऊ लागलं, फ्लेक्सची सेव्ह चार मिनिटांवरून पाऊण मिनिटावर आली. विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळवली आहे. त्यानंतर त्यांचं मशीन बदलायचंच आहे, बोर्ड आणि प्रोसेसरसकट. एसएसडी नव्या मशिनमध्ये जाईल. आय सेव्हनचं नाव त्यांनी अजून सोडलेलं नाही. परवा पुन्हा विचारत होते, तो अजून मिळतोय म्हणून.